राघोबाचा उपास

काशीराम धुरींनी आजवर एकाही नारायणरावाला वाचवलेलं नाही. तरीही आमच्या मंडळात ज्या पोराला नारायणरावाचं काम मिळतं त्याची आई एकच गोष्ट विचारते, "काका कोण करतोय? काशीरामच ना? मग करू दे."

हे नीट सांगायला हवं. आम्ही कातळवणे ग्रामस्थ मंडळाचे. गाव तळकोकणात, माणसं घाटकोपरच्या भटवाडीत, आणि ज्यांचं जरा बरं चाललं ती माझ्यासारखी मुलुंडला. वर्षातून एकदा मंडळाचं नाटक होतं आणि ते नारायणराव पेशव्याच्या वधाचं असतं. दुसरं काही करून पाहिलं नाही असं नाही. एकदा विनोदी नाटक केलं. लोक पोट धरधरून हसले आणि जाताना विचारून गेले, "पुढल्या वर्षी तरी नाटक असतला मां?"

गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. अठरा वर्षांचं पोर, पेशवाईची वस्त्रं अंगावर येऊन वर्षही झालेलं नाही. गणपतीचे दिवस. गारदी तलवारी उपसून वाड्यात शिरतात, पोर जीव घेऊन पळतं आणि सख्ख्या चुलत्याच्या, राघोबादादाच्या कमरेला मिठी मारतं. काका, मला वाचवा. याला अडीचशे वर्षं झाली. ते शब्द खरंच कोणी ऐकले की मागाहून कोणाला सुचले, देव जाणे. त्या वेळी तिथे जे होते ते बाहेर येऊन सांगण्यातले नव्हते, एवढं नक्की. पण मराठी माणसाला तेच ऐकू येतं, आणि लिहिता येत असेल तर तो गप्प बसत नाही. आमच्याकडे दर पिढीत एक शहाणा निघतो, ज्याला वाटतं की नारायणराव खरा कळला तो आपल्यालाच.

पहिले धोंडू मास्तर. मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. परळच्या एका गिरणीत मागावर होते आणि नाटक बसवायचे म्हणून मास्तर. त्यांच्या नाटकात आनंदीबाई स्टेजवर आली की बायका बोटं मोडायच्या आणि गारदी खरोखरीच्या आवेशाने एकमेकांना लाथा घालायचे. त्या नाटकात काशीराम धुरी नारायणराव होते. तेव्हा ते अठराचेच, नुकतेच गिरणीला लागलेले, कंबर मुठीत मावेल अशी. मी पहिल्या रांगेत जमिनीवर बसून पाहिलंय. आवाज असा कोवळा, की माझ्या आईने घरी आल्यावरसुद्धा डोळे पुसले होते.

मग गिरण्यांचा संप झाला. तो कसा संपला, किंवा कसा संपलाच नाही, ते मी सांगायला नको. राघोबा करणारे गृहस्थ बिऱ्हाड गुंडाळून गावी गेले आणि मास्तरांनी काशीरामांना म्हटलं, तू आता राघोबा कर, तुझ्या तोंडावर आता पोर दिसत नाही. विशी ओलांडून फार वर्षं झाली नव्हती त्यांना. त्या साली नारायणरावाने मिठी मारली तेव्हा हॉलमधले बाप्ये रडले, धोतराच्या सोग्यात तोंड खुपसून. पेशव्यांसाठी कोण कशाला रडेल? ज्याने त्याने कोणाची तरी कंबर धरली होती, युनियनची, सायबाची, सावकाराची, आणि ज्याच्या त्याच्या काकाने हात सोडवले होते. धोंडू मास्तरांनी नाटकातली एक ओळही बदलली नव्हती.

दुसरा शहाणा मी. त्या वेळी मी बरंच वाचत असे आणि वाचलेलं कोणावर तरी काढायची खोड होती. माझा राघोबा विचार करणारा होता. नारायणराव कमरेला लटकलेला आणि राघोबा सत्ता, रक्त, नियती यांवर तीन पानं बोलतोय. काशीरामकाकांनी तीन पानं पाठ केली. तोवर आम्ही सगळे त्यांना काकाच म्हणायला लागलो होतो. तालमीत एकदा बोलून दाखवली आणि अगदी अदबीने मला म्हणाले, "चंद्रप्रकाश, एवढा बोलत रवलंय तर गारदी काय थांबतले?" मी दोन पानं कापली. तिसरं कापायला हवं होतं हे मला आता कळतं.

आणि आता श्रुतिका. पवईला कुठल्याशा कंपनीत काम करते, दोन नोकऱ्यांचं काम एका नोकरीत करते, आणि तरी तिला नाटक लिहायला ताकद उरते. तिचा नारायणराव म्हणजे गंगाबाईचा नवरा. सगळं नाटक त्या पोटुशी बायकोच्या खोलीतून दिसतं, आणि राघोबाला तिने एकही वाक्य ठेवलेलं नाही. "काका, तुम्हाला डायलॉग नाही, चालेल ना?" तिने भीत भीत विचारलं.

"बरा केलंस गो चेडवा," काका म्हणाले. "बोलून बोलून तरी कोण वाचलो?"

तर लिहिणारे आम्ही तिघं, तीन तऱ्हांचे. उभा राहणारा एकच. धोंडू मास्तरांच्या काळात काका मिठी झटकून टाकायचे. माझ्या काळात विचारपूर्वक सोडवायचे, एकेक बोट करून. गिरणी गेल्यावर मरोळच्या एका कारखान्यात त्यांनी खोके बांधले, मग पवईत एका इमारतीच्या लिफ्टमध्ये स्टुलावर बसून माणसं वरखाली केली, पण वर्षातून एकदा फेटा बांधून, गंध लावून पोराला कमरेवरून सोडवायला ते हजर.

आता आमच्यातली एक चाल सांगतो, कारण सगळं तिच्यावरच आहे. राघोबा करणाऱ्याने नाटकाच्या दिवशी सकाळपासून उपास धरायचा. पडदा पडला की रंग न पुसता आपल्या उजव्या हाताने नारायणरावाला दहीभाताचा एक घास भरवायचा, आणि मग त्याच ताटलीतला घास स्वतः घेऊन उपास सोडायचा. ही चाल धोंडू मास्तरांच्या आईने घातली म्हणतात. ज्याला मारायला दिला त्याला हाताने भरवला, की खोटं ते खोट्यातच राहतं, घरापर्यंत येत नाही. तुम्हाला हसू येईल. मलाही यायचं.

मग ते हर्षदचं साल आलं. हर्षद म्हणजे काकांच्या धाकट्या भावाचा मुलगा. भाऊ लवकर गेला होता. भावजय नलिनी पोरांना घेऊन मागच्याच गल्लीत राहायची आणि पोरं दोन्ही घरांत सारखीच वाढलेली. हर्षद एकोणीसचा, देखणा, थोडा आगाऊ, आणि त्या साली नारायणराव तोच. नाटक माझंच होतं, प्रयोग दुपारचा. तो लांबला, अर्थात माझ्या तिसऱ्या पानामुळे. पुढच्या प्रयोगवाल्यांची माणसं सेट घेऊन दारात खोळंबली होती आणि हॉलचा मॅनेजर ओरडत होता. आम्ही पळापळ करून सामान भरलं, टेंपो गेला, आणि काका मेकअपच्या खोलीत ताटली शोधत राहिले. ताटली नव्हती. हर्षद म्हणाला, "जाऊ दे ना काका, घरी जाऊन भरवा," आणि मित्रांबरोबर वडापाव खायला निघून गेला. दुसऱ्या दिवशी लाकडी तलवारींच्या पेटीत, गारद्यांच्या पटक्यांखाली, ती ताटली मिळाली. भात वाळून खडखडीत झालेला. पेटी कोणी भरली हे आजतागायत कोणी बोललेलं नाही. आम्ही सगळ्यांनीच भरली होती.

त्या पावसाळ्यात हर्षद तापाने गेला. असे ताप त्या साली शंभर जणांना आले आणि नव्वद उठून कामाला लागले. हॉस्पिटलात शेवटी तो काकांना काय म्हणाला हे मला ठाऊक नाही, आणि ज्यांनी ज्यांनी मला ते रंगवून सांगितलं त्यांतला एकही तिथे नव्हता.

कोणी कोणाला दोष दिला नाही. आम्ही शिकलेली माणसं. ताप हा ताप असतो आणि भात हा भात. फक्त दुसऱ्या वर्षी राघोबा करायला कोणालाच सवड होईना. एकाची शिफ्ट बदलली, एकाच्या घरी पाहुणे, माझी कंबर धरली. तिसऱ्या वर्षी तेच. राघोबाबद्दल बोलायला आमच्यातला प्रत्येक जण तयार, त्याची बाजू मांडायला तयार, त्याच्यावर नवं लिहायला तयार. त्याच्या जागी उभं राहायचं म्हटलं की सगळ्यांची दातखीळ. नारायणराव व्हायला मात्र पोरांची रांग लागायची, आणि आया काशीरामच हवा म्हणायच्या. ज्याच्या हातून एकदा घास चुकला तो पुन्हा चुकवणार नाही, हा त्यांचा हिशेब.

मंडळातली तरुण पोरं कुजबुजायची की म्हातारा जागा सोडत नाही, हौस जिरत नाही. एकदा माझ्यासमोर कोणीतरी हे बोललं आणि मी इतका संतापलो की चहाचा कप आपटून उठलो. सोडायला कोणी घेणारा लागतो. दर वर्षी पहिल्या तालमीला ते दाराशी चप्पल काढता काढता म्हणायचे, "माझ्याच्यान आता होणा नाय रे. दुसरो कोण तरी बघा." दर वर्षी आम्ही म्हणायचो, "एवढं एक वर्ष काका." मग ते भिंतीला टेकून बसायचे. दमलेला माणूस मी पुष्कळ पाहिलाय, स्वतः दमलोय. पण काकांचं दमणं झोपेने जाणारं नव्हतं.

आणखी एक. हर्षदनंतर ते पोराला घास भरवायचे, ताटली बाजूला ठेवायचे आणि हात धुवायचे. स्वतः घास घ्यायचे नाहीत. मला वाटायचं, वय झालं, दही बाधत असेल. शेवंतीकाकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, एकदा मला सांगितलं, "त्या दिवशी ह्ये घरी येवनपण जेवनत नाय. पाणी पितत आणि निजतत. हर्षदच्या वर्षाचो उपास सुटाक नाय म्हणतत. सांगून सांगून दमलंय मी." काकू स्वतः काय करायच्या, तर प्रयोगाच्या दिवशी तलवारींच्या पेटीवर ताटली मांडीवर घेऊन बसायच्या. पडदा पडो, हॉल पडो, घास होईपर्यंत त्या पेटीवरून उठत नसत. पोरं त्यांना पेटीची देवी म्हणायची. त्यांचं अवजड शरीर आणि तो चेहरा पाहून तोंडावर म्हणायची हिंमत कोणात नव्हती.

यंदा दोन गोष्टी झाल्या. काकांचा उजवा खांदा धरला. डॉक्टर त्याला फ्रोझन शोल्डर म्हणतो. हात कोपरापासून हलतो, पण छातीच्या वर जात नाही. शर्टाची बाही काकू घालून देतात. आणि सर्वेश म्हणाला, नारायणराव मी करणार.

सर्वेश हा हर्षदचा धाकटा भाऊ. हर्षद गेला तेव्हा तो अंगणवाडीत होता. आता वीस वर्षांचा आहे, काकांपेक्षा हातभर उंच. त्याचं म्हणणं साधं होतं. "दादाचा एकच फोटो आहे आमच्याकडे मोठा, तो पण त्याच ड्रेसमधला. मला पण एकदा घालायचाय यार. त्यात काय एवढं?" यात काय एवढं होतं ते त्या खोलीतल्या सगळ्यांना माहीत होतं, आणि सगळे मोबाइलमध्ये बघायला लागले.

नलिनीवहिनी दुसऱ्या दिवशी काकांकडे आल्या. मी तिथेच होतो, प्रवेशपत्रिकांचं काहीतरी काढून गेलो होतो. वहिनी कमी बोलणारी बाई. शाळेत मुलांना खिचडी वाढायचं काम करते. बसल्या नाहीत.

"भावोजी, सर्वेश नाटकात जाता म्हणता. माका अडवूचा नाय. पण काका तुमीच करा. आणि घास चुकवू नकात."

"चुकूचो नाय," काका म्हणाले.

वहिनी गेल्या. काका आपल्या उजव्या हाताकडे बघत बसले. दुसरो कोण तरी बघा, हे वाक्य यंदा त्यांनी म्हटलंच नाही.

तालमीत भलताच प्रश्न उभा राहिला. सर्वेश दणकट. त्याने मिठी मारली की काकांना ती सोडवता येईना. डाव्या हाताने सोडवायला जावं तर उजवा खांदा ओढला जाऊन डोळ्यांत पाणी यायचं. दोनचारदा करून पाहिलं आणि काका घामाने डबडबून खाली बसले. श्रुतिका त्यांच्याजवळ उकिडवी बसली.

"नका सोडवू मग," ती म्हणाली. "मिठी तशीच राहू दे. गारदी येऊन वार करतील. तुम्ही नुसते उभे राहा."

"पण राघोबान सोडवल्यान ना?"

"कोणी बघितलंय काका?"

प्रयोग रविवारी दुपारी मुलुंडच्या एका शाळेच्या सभागृहात झाला. मी विंगेत पुस्तक घेऊन उभा होतो, प्रॉम्प्टिंगला. सर्वेश पळत आला, ओरडला, आणि त्याने काकांना गच्च धरलं. गारदी आले, वार झाले, आणि काका नुसते उभे. हात लोंबलेले. सोडवत नाहीत, जवळही घेत नाहीत. पोर हळूहळू कमरेवरून घसरत पायांशी आलं. गंगाबाई आतून हाक मारत होती आणि काका ज्या चेहऱ्याने उभे होते तो चेहरा मी लिहिला नव्हता, धोंडू मास्तरांनी नव्हता, श्रुतिकानेही नव्हता. पुढे लोक मला म्हणाले, काय भाष्य केलंय हो, हात असून नसल्यासारखे! मी हो म्हटलं. खांदा धरलाय, हे सांगून कोणाचा आनंद घालवायचा?

पडदा पडला आणि नेहमीसारखी घाई सुरू झाली. संध्याकाळी तिथे कोणाचा तरी साखरपुडा होता. फुलवाले दार वाजवत होते. आत मेकअपच्या खोलीत शेवंतीकाकू पेटीवर बसलेल्या, मांडीवर दहीभाताची ताटली. सर्वेश समोर उभा राहिला, अंगरख्यावर लाल रंग, चेहऱ्यावर हसू. काकांनी भात कालवला, घास केला आणि हात उचलला. हात छातीपर्यंत आला आणि थांबला.

त्यांनी पुन्हा उचलला. दात आवळलेले दिसत होते. भाताची शितं बोटांतून खाली पडली. डाव्या हाताने भरवायचा नाही, हे सगळ्यांना ठाऊक. दारावर थाप पडत होती. काकांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी आयुष्यात माणसाच्या डोळ्यांत तेवढी भीती पाहिली नाही. या पोराची आई आतून दाराला पाठ लावून उभी होती.

सर्वेशच्या ते उशिरा लक्षात आलं. मग तो खाली मांडी घालून बसला, लहान मुलं बसतात तसा, आणि त्याने तोंड उघडलं.

"चल झिला," काका म्हणाले. हात सरळ खाली गेला आणि घास पोराच्या तोंडात गेला. सर्वेशने गिळला, तोंड उघडून दाखवलंसुद्धा. खोलीतली माणसं पुन्हा बोलायला लागली, कोणी नळ सोडला, कोणी फेटे गोळा करू लागलं. काकांनी सवयीने ताटली काकूंकडे परत सारली आणि हात धुवायला वळले.

नलिनीवहिनी पुढे आल्या. काकूंच्या मांडीवरची ताटली त्यांनी उचलली. एक घास केला. काका मागे सरले, भिंत लागली.

"नलिनी, नको."

"त्या दिवशी तुमीपण उपाशीच रवलात, भावोजी," वहिनी म्हणाल्या. "माझ्या झिलाबरोबर. मी तेव्हाच येवक होया होतंय. पुरे झाला आता."

त्यांनी हात पुढे धरून ठेवला. काकांचं गंध घामाने नाकावर उतरलं होतं. शेवटी त्यांनी तोंड उघडलं. घास चावायला त्यांना फार वेळ लागला. आम्ही सगळे उभे होतो आणि कोणीही दुसरीकडे पाहिलं नाही.

तो घास गिळला गेल्यावर शेवंतीकाकू गुडघ्यांवर हात टेकून पेटीवरून उठल्या.

"हां," त्या म्हणाल्या. "भरा आता त्यो तलवारी."